पाय बादलीत

मेट्रन : सेवा ही तपश्चर्या आहे, सिस्टर. खऱ्या नर्सला थकवा शिवत नाही.

सिस्टर : बाई, तुमचे पाय बादलीत आहेत.

मेट्रन : ती सूज आहे, थकवा नव्हे. नोकरी सोडायचं खूळ काढा डोक्यातून आणि वॉर्डात जा.

सिस्टर : वॉर्डात जायला नको म्हणून तर आलेय. मघाशी सात नंबरला इन्सुलिन द्यायला गेले, तर पलंगावर आठ नंबर.

मेट्रन : म्हणजे?

सिस्टर : दोघा आजोबांनी आपसात जागा बदलली. एकाला खिडकीतून फाटक बघायचं होतं, सून येते का म्हणून. मी नेहमीसारखी, पलंग बघून चालणारी. दंडाला स्पिरिट लावून झालं. तेव्हा म्हणतात, "पोरी, मला साखर नाही गं. पण तू म्हणतेस तर असेल."

मेट्रन : टोचलंत?

सिस्टर : नाही.

मेट्रन : मग झालं तर. या कानाचं त्या कानाला कळू देऊ नका.

सिस्टर : मी वरती सांगणार आहे.

मेट्रन : शहाण्या आहात. पहिला प्रश्न येईल, नाव का नाही विचारलं?

सिस्टर : तो दुसरा. पहिला येईल, सकाळच्या ड्युटीला जोडून हिला दुपारची कुणी लावली?

मेट्रन : मग काय करू? नर्सा झाडाला लागतात?

सिस्टर : तुम्हाला बोल लावत नाही, बाई. चुकले म्हणून हात थरथरले असते, तर आलेच नसते इथे. पण मनात आलं काय, तर आता हे सगळे कागद पुन्हा भरा. बस, एवढंच. म्हातारा वाचला, त्याचं काहीच वाटलं नाही. त्या काहीच न वाटण्याला भ्यायले मी. काल घरी लेकीनं पाणी मागितलं. म्हटलं, थांबा हं, राउंड होऊ दे.

मेट्रन : मग? दिलंत?

सिस्टर : तिनंच आणून मला दिलं.

(पाणी हलल्याचा आवाज.)

मेट्रन : ज्यांचं होतं, त्यांना इन्सुलिन मिळालं?

सिस्टर : नाव विचारून दिलं. दोनदा विचारलं. चिडले माझ्यावर.

मेट्रन : चिडू देत. तुम्ही घरी जा. वरती मी सांगते. ड्युटी कुणी लावली, तेही सांगते.

सिस्टर : आणि वॉर्ड?

मेट्रन : मी आहे ना.

सिस्टर : या पायांनी?

मेट्रन : इंजेक्शन हातानं देतात, सिस्टर. अजून विसरले नाही. नोकरीचं झोप झाल्यावर बोलू.

सिस्टर : झोपून उठल्यावरही हेच म्हटलं तर?

मेट्रन : तर अडवणार नाही.

सिस्टर : बाई, मी...

मेट्रन : आता भाषण नको. तो टॉवेल तेवढा द्या. मला वाकवत नाही.