दुसरी रेषा

तात्यांसाठी जमलेल्या सगळ्यांना जय भीम. इंदापूरहून आलेले पाहुणे, जळोचीची मंडळी, काकी. मला बोलायची सवय नाही. आज तर नाहीच. कुठं थांबायचं ते मला कळलं नाही, तर कुणीतरी हात वर करा.

तात्या माझे चुलते. आजारपणामुळं चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. माझी शाळा म्हणजे तात्यांची ओसरी. गणित सुटलं की मी ओरडायचे, आलं उत्तर! तात्या वर बघायचे नाहीत. ताळा केलास का, एवढंच विचारायचे. बेरीज केली असेल तर उलटी वजाबाकी करून बघायची. ताळा जुळेपर्यंत उत्तर सांगायचं नाही.

मी पुण्यात दीर्घिकांचे समूह अभ्यासते. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा पसारा. तिचा प्रकाश रंगांत फोडला की त्यात दिसणाऱ्या रेषा लाल रंगाकडे किती सरकल्या, त्यावरून ती किती लांब आहे ते कळतं. माझ्या समूहात मधोमध एक दीर्घिका दिसते, तिच्यातून जोरदार रेडिओलहरी येतात. ती खरंच त्या समूहातली, की फार मागं असून नुसती मधे दिसते? माझं सगळं काम या एका प्रश्नापाशी अडलेलं.

तात्यांना सांगितलं तेव्हा ते हसले. "इंदापूरच्या एसटीत एका बाकावर बसलेली समदी एका घरची असत्यात व्हय? मोज."

मोजलं. बाकीच्यांची अंतरं जुळली. या मधलीची मात्र एकच रेषा स्पष्ट होती. ती मला वाटतं त्याच मूलद्रव्याची असेल, तर ही समूहातली. वेगळ्या कुठल्या मूलद्रव्याची असेल, तर फार मागची. दुसरी रेषा सापडणं हाच ताळा. ती सापडेना.

शेवटी शेवटी तात्यांना बोलणं जड जायचं. तरी मी जवळ गेले की विचारायचे, घरचीच हाय का ती? काकीनं मला बाहेर नेलं. "व्हय म्हण की बाई. जीव अडकलाय त्यांचा त्यात. तुझं काय जातंय?"

काय जात होतं माझं? एक शब्द. मी आत गेले आणि म्हणाले, "तात्या, अजून ठाऊक न्हाय. एकच रेषा दिसतीय."

त्यांनी डोळे मिटले. तसेच म्हणाले, "मग दुसरी बघ. घाई करू नगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या गेले. तेव्हापासून काकी माझ्याशी नीट बोललेली नाही.

काल दुर्बिणीवरून नव्या नोंदींची टेप आली. दुसरी रेषा मिळाली. जिथं असायला हवी होती, तिथंच. मी पुन्हा मोजली. मग परत मोजली.

काकी, तू म्हणत होतीस तेच उत्तर आलं. त्या दिवशी मी व्हय म्हटलं असतं, तर ते खरंच ठरलं असतं. मग मी चुकले का? मला तेव्हा माहीत नव्हतं गं. कालपासून हेच डोक्यात फिरतंय, आणि याचा ताळा कसा करायचा ते तात्यांनी शिकवलं नाही.

आता आपण सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नये. त्याआधी मला एकदा त्यांना सांगू द्या.

तात्या, व्हय. घरचीच हाय.