पिंपं कुणी हलवली?

फादर, गास गावच्या माझ्या माणसांनो, कारखान्यातल्या भावांनो, तुम्ही एवढे सगळे आलात. पास्कलची बायको म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मला सभेत बोलायची सवय नाही. मध्येच आवाज गेला, तर जरा थांबा माझ्यासाठी.

पास्कल वसई पूर्वेच्या कारखान्यात डांबराच्या टाकीवर होते. गच्ची गळू नये म्हणून जे घट्ट डांबर लावतात, ते तिथे तयार होतं. पातळ डांबर तापवायचं आणि खालून हवा सोडत राहायची. मग ते हळूहळू घट्ट होतं. "हे काम घाईचं नाही, मेरी," म्हणायचे.

यंदा मागणी वाढली आणि कारखान्यात पिंपं आली. पिंपांत पूड. कॅटॅलिस्ट म्हणतात तिला. त्यांच्या शर्टाला डांबराचा वास असायचाच. पण आता शर्ट धुताना माझं नाक झोंबायला लागलं.

मी विचारलं, "हे काय नवीन?"

"पूड घातली की माल लवकर तयार होतो."

"मग चांगलंच की!"

"पूड वाईट नाही गं. पण तिने टाकी भराभर तापते. मग टाकी कमी भरायला हवी, हवा कमी सोडायला हवी. साहेबांना पूडही हवी, भरलेली टाकीही हवी, आणि हवाही पूर्ण."

त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "दुसरीकडे चालतं, इथेच का चालत नाही?"

आणि एका दुपारी टाकीतलं डांबर फेसाळून वर आलं. पेट घेतला. नाक्यावरच्या पीसीओवाल्या काकी धावत निरोप घेऊन आल्या. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा पास्कलना बोलता येत नव्हतं. साहेब बोलत होते. "वहिनी, झोप लागली असणार त्यांना. हवा कमी करायची राहिली."

झोप? वाडीतल्या पंपाचा आवाज जरा बदलला तरी जेवणावरून उठणारा माणूस, तो टाकीवर झोपला?

मयतीनंतर मी त्यांचा डबा आणायला कारखान्यात गेले. तिथली सगळी जमीन डांबराने काळी. फक्त जिन्याखालचा कोपरा घासून पुसून स्वच्छ. पुडीची पिंपं जिन्याखाली ठेवतात, असं पास्कलनीच मला सांगितलं होतं. मी विचारलं, "इथली पिंपं?"

"कसली पिंपं, वहिनी?"

साहेब माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या हातातल्या डब्याकडे बघत होते.

तेव्हापासून मला कुणाचाच भरवसा वाटत नाही. खोटं कशाला बोलू? कारखान्याकडून मोठा हार आला, तेव्हा वाटलं, हा कशासाठी? तुमच्यापैकी कुणी पाठीवर हात ठेवला, तरी वाटलं, याला काय माहीत आहे? मला माफ करा. पण वाटलं.

काल रमेशभाऊ घरी आले. पास्कलच्याच पाळीतले. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "वहिनी, पिंपं मी हलवली. फॅक्टरी इन्स्पेक्टर यायच्या आधी टेम्पोत भरून चांदीप गावातल्या गोदामात टाकली. साहेबांनी सांगितलं, मी केलं."

मी विचारलं, "पास्कल झोपले होते?"

"नाही हो. वरून ओरडत होते, हवा बंद करा, हवा बंद करा. साहेब खाली हवेच्या चावीपाशी उभे होते. म्हणाले, थांब जरा, माल होत आलाय."

ऐकलंत ना? माल होत आला होता.

रमेशभाऊ उद्या हे इन्स्पेक्टरला सांगणार आहेत. मी त्यांना म्हटलं, सभेत तुमचं नाव घेणार नाही. तुम्हालाही बायकामुलं आहेत. तर तेच म्हणाले, "घ्या, वहिनी. सगळ्यांसमोर घ्या. म्हणजे मला मागे फिरता येणार नाही."

रमेशभाऊ, तिथे भिंतीशी का बसलात? इथे या. माझ्या शेजारी उभे राहा.

या.

आता आपण सगळेच उभे राहूया. पास्कलसाठी थोडा वेळ शांत राहूया.