नऊ लेकरांचा धर्मपिता

नाही म्हणताच येत नाही हो, तीच तर बोंब आहे! आमच्याकडे कुणी दारात येऊन म्हणालं, 'जुंबेर, माझ्या लेकराचा नाथलिया हो', म्हणजे धर्मपिता हो, तर नाही म्हणणं म्हणजे महापाप! मग काय, जायचं चर्चमध्ये, मेणबत्ती धरायची, ते रडकं पोर कडेवर घ्यायचं, गळ्यात क्रूस घालायचा... आणि त्या दिवसापासून तुम्ही त्या घरचे, जन्मभर! मी असा नऊ घरचा आहे. नऊ! आणि त्या नऊ पोरांचे बाप कोण? माझ्याच संघातले खेळाडू!

तुम्हाला सांगतो, मी फुटबॉल क्लबचा मॅनेजर झालो आणि महिन्याभरात आमच्या खाणीच्या गावात बाप्तिस्म्यांची साथ आली, साथ! गोलकीपरच्या पोराला मिसरूड फुटायची वेळ आली होती, इतकी वर्षं कुणाला आठवण नव्हती, त्यालाही घेऊन आले... नाही म्हणता येतं का? आता मला सांगा, रविवारी ज्याच्या घरी चीज भरलेली गरम खाचापुरी खायची, त्याला शनिवारी बाकावर कसं बसवायचं? आमचा स्ट्रायकर रेवाझ, वय सदतीस, गुडघा असा कुरकुरतो की मला बाहेर ऐकू येतो, एकोणीस मॅचमध्ये गोल शून्य! पण त्याच्या लेकीचा, तेकलाचा मी नाथलिया, दर ईस्टरला पोर लाल अंडं घेऊन यायची, 'हे सगळ्यात लाल आहे हं' म्हणायची. आणि नायजेरियाहून आलेला ओबिन्ना, संघातला सगळ्यात तेज खेळाडू, तो कुठे? बाकावर! का? तर गावात त्याचं कुणीच नाही म्हणून!

हसता काय? मी तरी कोण मोठा धुतल्या तांदळाचा? मी स्वतः स्ट्रायकर होतो. बाविसाव्या वर्षी एका मोसमात सव्वीस गोल, लोकांनी खांद्यावर घेऊन नदीपर्यंत नेलं होतं मला! आणि छत्तिसाव्या वर्षी पाय उचलेना, तरी दर मॅचला मी हजर... कारण आमचे तेव्हाचे मॅनेजर वालेरियानकाका माझ्या लेकीचे, खातुनाचे नाथलिया! त्यांना मला काढता येईना, आणि मला आपणहून निघायची लाज वाटेना. शेवटी क्लबनं त्यांनाच काढलं. मग काका बसस्टँडवर सूर्यफुलाच्या बिया विकायला बसले. एका शब्दानं बोलले नाहीत हो मला कधी! पुडीत मूठभर जास्त घालायचे आणि विचारायचे, 'खातुना बरी आहे ना?' गेले बिचारे.

तर शेवटची मॅच. जिंकलो नाही तर खालच्या गटात, आणि खाणवाल्यांनी सांगून टाकलेलं, खाली गेलात की क्लबला कुलूप. सत्तर मिनिटं झाली, शून्य-शून्य, रेवाझ लंगडतोय... आणि मला समोर ती बियांची पुडी दिसायला लागली. म्हटलं, आज जीव गेला तरी चालेल. ओबिन्ना, ऊठ! पाटी वर गेली, नऊ नंबर बाहेर, म्हणजे रेवाझ. रेवाझ जागचा हलेना. तिथूनच हात वर करून म्हणतो, 'नाथलिया, चुकून लागला बघा नंबर! मी आहे हा, मी!' मी मान खाली घातली. तो आला, कॅप्टनची पट्टी माझ्या हातात ठेवली आणि सरळ आत निघून गेला.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला ओबिन्नानं गोल मारला! क्लब वाचला! मी नाचत घरी गेलो, तर बायको, आमची त्सियाला, म्हणते, 'जिंकलात? छान झालं. आता उद्या पाव आणायला कुठल्या तोंडानं जाऊ? भट्टी रेवाझच्या आईची आहे!' मग ईस्टर आला. लाल अंडं आलं नाही. तेकला आईचा हात धरून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं गेली, वळून बघत होती, तर आईनं तिची मान पुढे फिरवली. उभ्या जन्मात शेकड्यानं गोल हुकवलेत मी, पण इतकं कधी लागलं नव्हतं.

आठवड्याभरात अध्यक्ष ओमारीनं बोलावलं. 'जुंबेर, तू क्लब वाचवलास, उपकार आहेत बाबा तुझे. पण जो आपल्या नात्याचा झाला नाही, तो क्लबचा काय होणार?' आणि माझ्या जागी आणला कुणाला? रेवाझला! त्यानं पहिल्याच दिवशी ओबिन्नाला बाकावर बसवलं.

परवा दार वाजलं. बघतो तर ओबिन्ना, सोबत बायको, दिवस भरत आलेले. टोपी हातात घेऊन मोडकंतोडकं बोलतो, 'कोच, इथली रीत आता मला समजली. बाळाला नाथलिया पाहिजे.' अहो, माझे डोळेच भरून आले! दहावं लेकरू, पण याच्या बापाला माझ्याकडून आता काय मिळणार होतं? म्हटलं, 'अरे वेड्या, मी नाही म्हणेन होय?' त्सियालानं घाईघाईनं वाइनचा जग आणला, मी ग्लास पुसायला घेतले... तर हा बायकोकडे बघतोय, ती याच्याकडे. कानकोंडा होऊन म्हणतो, 'तसं नाही कोच... रेवाझचं घर कुठलं, तेवढंच विचारायचं होतं.'

सांगितलं, काय करणार? भट्टीला लागून, निळं फाटक. म्हटलं, लवकर जा बाबा, हल्ली तिथे रांग असते.