राक्षसभुवनचा दिवाण

(गेवराई तालुक्यातलं एक गाव. शाळा सुटली आहे. आठवीचा वर्ग.)

सुंदरराव : ते मला काय सांगू नका, म्याडम. एवढ्या पोरांत मरायला माझंच पोरगं सापडलं का तुमाला?

उज्ज्वला : सुंदरराव, आधी बसा तरी. मेला म्हणजे नाटकात मेला. आणि मी निवडलेलं नाही, चिठ्ठ्या टाकल्या होत्या. हरिओमनं स्वतःच्या हातानं चिठ्ठी उचलली, त्यात विठ्ठल सुंदर निघाला.

सुंदरराव : आता हा कोण?

उज्ज्वला : निजामाचा दिवाण. आपल्याच तालुक्यात, गंगेच्या म्हणजे गोदावरीच्या काठी, राक्षसभुवनला पेशव्यांची आणि निजामाची लढाई झाली. त्यात तो पडला. मी निजामाबरोबरच्या चार लढाया घेतल्यात. पालखेड, उदगीर, राक्षसभुवन, खर्डा. एकेका गटाला एकेक. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, गावासमोर करायच्या. पुस्तकातल्या ओळी पोरं घोकतात आणि पेपरात पालखेडला निजाम जिंकला म्हणून लिहून येतात. म्हटलं, अंगानं केलं तर डोक्यात राहील.

सुंदरराव : चांगलं करताय, आमचं काय म्हणणं न्हाई. पण हे बघा. हा स्टेटस बघा.

उज्ज्वला : हा आमच्या तालमीचा व्हिडिओ आहे. पालकांच्या ग्रुपवर मीच टाकला होता.

सुंदरराव : तुमी टाकला. आता खाली काय लिवलंय ते वाचा. मोठ्यानं वाचा.

उज्ज्वला : ‘निजामाचा दिवाण पडला. आता गावातला पाडा.’

सुंदरराव : कालपासून घरोघर हेच. सकाळी उमापूरच्या बाजारात गेलतो, तर च्यावाला म्हणतो, या दिवाणजी, बसा! पंचायत समितीचं तिकीट मागायलोय मी, म्याडम. अन् तुमच्या नाटकात माझं पोरगं मातीत पडलंय. त्याच्या छातीवर तलवार धरून कोण उभंय? बंकटचं पोरगं!

उज्ज्वला : रामेश्वर. तो माधवराव पेशवा आहे.

सुंदरराव : मेंढरामागं फिरणारं पोरगं पेशवा, अन् आमी निजामाचे दिवाण!

उज्ज्वला : चिठ्ठीत निघालं, सुंदरराव.

सुंदरराव : चिठ्ठी, चिठ्ठी! गावात काय झालंय ते तुमाला ठावं न्हाई म्हणता?

उज्ज्वला : नाही. मी केजची. जूनमध्ये इथं आले. मला कोण कुणाशी बोलतं आणि कोण बोलत नाही, हेसुद्धा अजून कळलेलं नाही. काय झालंय?

सुंदरराव : काय न्हाई. पोळ्याच्या आधी त्या बंकटची मेंढरं माझ्या तुरीत घुसली. जरा बोलाचाली झाली.

उज्ज्वला : नुसती बोलाचाली?

सुंदरराव : झाली म्हणलं ना. ते सोडा. मी सोपा मार्ग सांगतो. अदलाबदल करा. हऱ्या पेशवा, ते पोरगं दिवाण. मिटलं.

उज्ज्वला : म्हणजे हरिओमनं सगळ्या गावासमोर रामेश्वरला पाडायचं.

सुंदरराव : नाटकात हो!

उज्ज्वला : नाटकातलं नाटकातच राहत असतं, तर तुम्ही आत्ता इथं आला नसता.

सुंदरराव : तुमी लई बोलता, म्याडम. मी हेडसरांशी बोलू का?

उज्ज्वला : बोला ना. ते हो म्हणतील. ते सगळ्यांनाच हो म्हणतात. महिनाभर हेच चाललंय माझं. खर्ड्याच्या गटात निजाम व्हायला कुणी तयार नाही, म्हणजे लढाई एकाच बाजूनं. उदगीरला तिघांच्या आया येऊन सांगून गेल्या की आमचाच सदाशिवरावभाऊ. पालखेडची पोरं लढत नाहीत, मोबाईलसमोर सिनेमातल्यासारख्या हळूहळू उड्या मारतात. आणि मरायला तर कुणीच मागत नाही. मेलेला उठतो आणि पुन्हा तलवार चालवतो! सगळ्या आठवीत एकटा तुमचा हरिओम नीट मरतो. त्यालाच तुम्ही उचलून न्यायला आलात.

सुंदरराव : त्यालाच इचारू की मंग. हऱ्या! दारामागं उभा राहून ऐकू नको, आत ये. सांग म्याडमला, तुला पेशवा व्हायचंय.

हरिओम : न्हाई.

सुंदरराव : काय न्हाई?

हरिओम : मला पेशवा न्हाई व्हायचं, आबा. हाय तेच बरंय.

सुंदरराव : कावून? मरायची हौस आलीय? तोंड उघड की! … थांब, फोन आला. हां, बोला अमरसिंहदादा. आवाज तुटायलाय, हितं रेंज न्हाई. बाहेर येतो, थांबा. … म्याडम, तंवर समजवा ह्याला.

उज्ज्वला : हे कोण अमरसिंहदादा?

हरिओम : आबाचे साहेब. तिकीट त्यांच्या हातात हाय.

उज्ज्वला : बरं. तू असा कोपऱ्यात उभा राहू नकोस, बस. काय झालं होतं रे तुरीच्या रानात?

हरिओम : काय न्हाई, बाई.

उज्ज्वला : तुझे वडीलही तेच म्हणाले.

हरिओम : बंकटकाकाला हाणलं. आमच्या गड्यांनी. काठीनं. आबा गाडीवर बसून होते. ते एकदाबी बास म्हणले न्हाईत.

उज्ज्वला : तू होतास तिथं?

हरिओम : बांधावर. रामेश्वर पल्याड मेंढरं आवरायलता. त्यानं बघितलं. मंग त्यानं माझ्याकडं बघितलं.

उज्ज्वला : आणि?

हरिओम : मी खाली बघितलं. … आमी पहिलीपासून एका बाकावर बसायलोत, बाई. आता तो खिडकीकडं बसतो. डबा घेऊन लिंबाखाली जातो एकटाच. मी गेलो की उठतो.

उज्ज्वला : अरे पण तालमीत तर तुम्ही दोघं…

हरिओम : तालमीत तो दिवाणाशी बोलतो, माझ्याशी न्हाई. चिठ्ठी निघाली तवा मला वाटलं, आता हा लई जोरात हाणणार. तलवार लाकडाची हाय, पण लागती. मी डोळे मिटलेले. त्यानं हाणलीच न्हाई. नुसती टेकवली. मंग मेल्यावर मला उचलून न्यायचं असतंय, तवा हळूच म्हणला, डोकं संभाळ. तवापासून रोज म्हणतो. तेवढंच.

उज्ज्वला : मला हे कुणीच सांगितलं नाही रे.

हरिओम : मी पेशवा झालो तर मला त्याला मातीत पाडावं लागंल. त्याच्या आईसमोर. मी न्हाई पाडणार, बाई. आबानं हाणलं तरी न्हाई.

सुंदरराव : जमलं, म्याडम, जमलं! काय बदलू नका. हाय तसंच राहू द्या.

उज्ज्वला : आत्ता पाच मिनिटांपूर्वी तर तुम्ही…

सुंदरराव : दादांनी डोळे उघडले माझे. म्हणले, सुंदरराव, येडे का खुळे? त्या बंकटच्या वस्तीवर मतं किती हायेत, कधी हिशेब केलाय का? पोरगं मरतंय तर मरू द्या. चांगलं झोकात मरू द्या. बंकटला पहिल्या रांगेत बसवा. नाटक झालं की दोन्ही पोरं वर, मधी मी अन् बंकट, हातात हात. शाल घालू त्याच्या अंगावर, फोटो काढू. कोण टाकतंय मंग स्टेटस, बघू! दादा सोता येणार हायेत.

उज्ज्वला : बंकटरावांना विचारलंत हे?

सुंदरराव : त्याला काय इचारायचं? शाल मिळायलीय त्याला.

उज्ज्वला : आधी त्यांच्या घरी जाऊन चुकलं म्हणालात, तर मी स्वतः पहिल्या रांगेत खुर्ची मांडीन त्यांच्यासाठी.

सुंदरराव : माझं काय चुकलं? मेंढरं त्याची, तूर माझी.

हरिओम : आबा, फोटो काढणार असाल तर मी न्हाई करणार.

सुंदरराव : आता हे काय नवीन? घटकाभर आधी मरायचं म्हणत होतास!

हरिओम : तसं न्हाई मरायचं मला.

सुंदरराव : म्याडम, हे तुमचं शिकवणं हाय बरं का. बापाला उलटं बोलायचं. गपगुमान सतराला सकाळी पोरगं तयार पायजे मला. न्हाईतर बदली कशी असती, ते केजला जाऊन घरच्यांना सांगाल. मी येतो. हऱ्या, तू लौकर घरी ये.

उज्ज्वला : … गेले. पेशवा झाला तर त्यांच्यासाठी, मेला तर त्यांच्यासाठी. काय शिकवायला बसले होते मी, आणि काय होऊन बसलं! ऐक हरिओम, राक्षसभुवन होणार नाही. सतराला तीनच लढाया. हेडसरांना मी सांगते, बदलीचं बघून घेईन.

हरिओम : मंग आपलं बसवलेलं सगळं वाया?

उज्ज्वला : काय करू मग? तूच सांग. तुमचा फोटो काढू देऊ?

हरिओम : न्हाई. … बाई, आज करू की. आत्ता. आज तालीम हाय म्हणलतात ना तुमी.

उज्ज्वला : सगळी पोरं तुझ्या वडिलांची गाडी बघून पळाली.

हरिओम : रामेश्वर न्हाई पळाला. हापशापाशी बसलाय. खिडकीतून दिसतोय बघा.

उज्ज्वला : रामेश्वर! ये रे इकडं. आत ये.

रामेश्वर : बाई, तालीम हाय का न्हाई? आई एकटीच मेंढरामागं हाय. नसली तर मी जातो.

उज्ज्वला : आहे. पण आधी एक सांगते, लपवत नाही. मुक्तिदिनाला तुझ्या बाबांना पहिल्या रांगेत बसवून, शाल देऊन, हातात हात धरून फोटो काढायचं ठरवलंय. हरिओमच्या वडिलांनी.

रामेश्वर : बाबाचा हात वर होत न्हाई अजून. ते न्हाई येणार. मीबी न्हाई. बाई, ह्याला इचारा, हे ह्यानंच सुचवलं का त्याच्या आबाला?

उज्ज्वला : नाही. तो नाही म्हणाला. माझ्यासमोर, त्यांच्या तोंडावर नाही म्हणाला.

रामेश्वर : ह्यो?

उज्ज्वला : हो. हाच.

रामेश्वर : … मंग आज कशाला करायचं? गावासमोर तर करायचंच न्हाई.

हरिओम : कुणी बघायला न्हाई म्हणून.

उज्ज्वला : मी बाक मागं सरकवते. शेवटचाच भाग घ्या. दिवाणाचं सैन्य पळालेलं आहे, मागं पुराची गंगा, पुढं पेशव्यांची फौज. हरिओम, तू भिंतीकडं. रामेश्वर, फळ्याकडून ये. चला.

रामेश्वर : दिवाणजी, चारी बाजूंनी कोंडलेत तुमी. हत्यार खाली ठेवा.

उज्ज्वला : हरिओम, तुझं वाक्य. ‘निजामाचं मीठ खाल्लंय, श्रीमंत.’ विसरलास का?

हरिओम : न्हाई विसरलो. … ही घे. ठेवली खाली.

उज्ज्वला : अरे, असं नाही झालं तिथं. विठ्ठल सुंदर लढता लढता पडला.

हरिओम : ठावं हाय, बाई. … रामेश्वर, त्या दिशी मी बांधावर उभा होतो. मी पळत यायला पायजे होतं. आबाच्या गाडीम्होरं उभं राहायला पायजे होतं. म्या खाली बघितलं.

रामेश्वर : बघितलं मी.

हरिओम : लई येळा सांगावं वाटलं. तू उठून जायचा.

उज्ज्वला : राहू द्या मग. आजच्यापुरतं एवढंच. जा घरी दोघंही.

रामेश्वर : थांबा, बाई. … उचल बे ती तलवार. असं नसतंय मरायचं.