मान हलवेपर्यंत

अहो नाही, बसा ना, कोणी नाहीये इथे, ही पर्स घेते मी मांडीवर — तुमचा कोट टाका त्या खुर्चीवर, कोटावरचं ते प्लास्टिक एकदम सळसळलं म्हणून दचकले, बाकी काही नाही, मी दाराची बेल वाजली तरी दचकते — पण एक सांगा काका, तुमच्या बाजूनं त्यांचा पाय दिसतोय का? पियानोवाल्यांचा. डावा. बूट काढून ठेवलाय बघा बाकाखाली, नुसत्या मोज्यावर आहेत, राखाडी मोजा, अंगठ्याशी रफू केलेला — तो पाय हलतोय का? नाही ना? मला वाटलं या खांबामुळे मलाच दिसत नाहीये. मघाशी हलत होता. पहिली दोन गाणी चांगला हलत होता, आता थांबलाय. काही नाही, असंच विचारलं. त्यांचा पाय कधी थांबत नाही हो, जेवताना टेबलाखालीसुद्धा चालू असतो, आई म्हणते, यांना माझ्या शिलाई मशीनवर बसवलं तर दुकानातले सगळे परकर एका दिवसात होतील.

हो, बाबा आहेत माझे. कसं ओळखलंत? कपाळ? सगळे तेच म्हणतात, आई म्हणते कपाळ बापाचं आणि भीती कुणाची कोण जाणे. तुम्ही पहिल्यांदाच आलात ना — वाटलंच, खालून कोट घेतला आणि वर वाजतंय म्हणून जिना चढलात, असेच येतात इथे लोक, खालच्या ड्रायक्लीनरवाल्याच्या गिऱ्हाइकांवरच आमचा जॅझ क्लब चालतो असं कॅप्टन म्हणतात. कॅप्टन म्हणजे ते सॅक्सोफोनवाले, पांढऱ्या दाढीचे. रविवारी दुपारी तीन ते पाच, चाळीस खुर्च्या, त्यातल्या दोन एकसारख्या सापडल्या तर बक्षीस. आणि संथ गाणं असलं की कॉफीचं मशीन बंद ठेवायचं, तो नियमच आहे. छान वाटतंय ना? मलाही वाटतं. म्हणजे वाटायचं — वाटतं, वाटतं. कॉलेजात असताना परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा यायचे मी, इथे या खांबाला टेकून बसलं की दोन तास छातीतली ती टकटक थांबायची, बाबांचा पाय माझ्या छातीऐवजी टकटक करतोय असं वाटायचं — पाय हलला का? नाही. बरं.

जिन्यातले फोटो बघितलेत? सगळ्यांना वाटतं वारलेल्यांचे आहेत, नाही, सगळे जिवंत आहेत! इथे ज्याचं वाजवणं संपलं त्याचा फोटो लागतो. आधी केक, मग फोटो. खालून तिसरे आहेत ना, मिशीवाले, ते बास वाजवायचे, ते खर्जातलं मोठं वाद्य, हात कापायला लागला — कॅप्टननी इतक्या प्रेमानं केक आणला की त्यांना नाही म्हणताच आलं नाही. अजून येतात कधीकधी, स्वतःच्या फोटोसमोरून खाली मान घालून जातात. बाबा म्हणतात, मला भिंतीवर चढायची घाई नाही बुवा.

आता नीट ऐका हं — नाही, छान आहे म्हणून नाही — ऐका. हे वाजतंय ते ब्लूज, आणि ब्लूज म्हणजे बारा पायऱ्यांचा जिना, बाबांनी मला लहानपणी असंच शिकवलं होतं, ते शाळेत गणित शिकवायचे त्यामुळे सगळं मोजून. पहिल्या चार पायऱ्या घरातल्या घरात, पाचवीला वळण, नवव्या पायरीला पोटात गोळा येतो आणि बारावी बरोब्बर पुन्हा पहिलीसमोर आणून उभं करते. कितीही नटवा, सजवा, जिना तोच. मग आता मोजा — एक, दोन, तीन, चार — आणि वळण — नाही घेतलं. बघितलंत? पुन्हा पहिलीवर. आणि उजवा हात तोच तोच तुकडा वाजवतोय, टिरिरा-टा, टिरिरा-टा, अगदी तोच, नखाएवढासुद्धा फरक नाही. बाबा एक गोष्ट दोनदा सारखी वाजवत नाहीत हो कधी. वर्गात एकच गणित चार रीतींनी सोडवायचे, पोरं रडायची.

टाळ्या नका ना वाजवू! सॉरी, सॉरी काका, तुमच्यावर नाही ओरडले — सगळेच वाजवतायत, तुम्हीही वाजवणारच, कान देऊन ऐकताय म्हणूनच वाजवताय. लोकांना वाटतंय ते मुद्दाम ताणतायत, वळणापाशी नेऊन परत आणतायत, छळतायत आपल्याला — मलाही वाटलं असतं. ते गॉगलवाले बघा कसे टेबलावर हात आपटतायत. अजून, मास्तर, अजून! — अजून काय अजून.

ते बघितलंत? कॅप्टननी आपल्याच डोक्यावर हात ठेवला. टाळूवर. त्याचा अर्थ आता मूळ चालीवर या, सगळे मिळून एकदा वाजवू आणि संपवू. बाबा बघतायत त्यांच्याकडे. सरळ बघतायत. आणि — काही नाही. तीन बेचाळीस. किती झाले तुमच्या घड्याळात? बेचाळीसच ना? लक्षात ठेवा, बेचाळीस.

मी आईला फोन लावते जरा. वाजतोय. वाजतोय नुसता. ती समोरच्याच रस्त्यावर आहे, चार मिनिटांवर, कपडे दुरुस्त करून देतात ना त्या दुकानात, आज रविवार म्हणून तिप्पट गिऱ्हाईक आणि फोन ड्रॉवरमध्ये, सहा मशीनं चालू, कुणाला ऐकू येणार. उचल ना गं. आई फोन उचलला की हॅलोबिलो काही म्हणत नाही, माहितीय? दोन महिने झाले, फोन उचलला की पहिलं वाक्य — गोळी घेतली का त्यांनी? कोणाचाही फोन असो. परवा गॅसवाल्याला विचारलं.

घेतलीये. म्हणजे सकाळी तिनं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं.

कसली म्हणजे… कोणाला सांगू नका हं, इथे कोणाला माहीत नाहीये, मामांनासुद्धा नाही — मामा म्हणजे ते ड्रमवाले, सख्खे नाहीत, सगळ्यांचेच मामा. बाबांना झटके येतात. पडत नाहीत, फेस नाही, काही नाही, तसं असतं तर सगळ्यांना कळलं तरी असतं. पहिल्यांदा स्वयंपाकघरात आला. चहात साखर ढवळत होते. ढवळत राहिले. आई म्हणाली, अहो कप झिजेल आता, मी हसले, आणि मग त्यांचे डोळे बघितले. डॉक्टर म्हणाले, हात जे करत असतील ते करत राहतात, माणूस तेवढा वेळ तिथे नसतो. घरातले सगळे बाहेर गेलेत आणि नळ तेवढा चालू राहिलाय, तसं. दोन मिनिटांनी परत आले आणि म्हणाले, गार झाला की हा चहा.

नाही, काही करायचं नसतं. तेच तर! डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दिलंय, मी पाठ केलंय — धरायचं नाही, ओढायचं नाही, हलवायचं नाही, आजूबाजूचं टोकदार काही असेल तर बाजूला करायचं आणि घड्याळ बघायचं. बस. घड्याळ बघायचं. पियानोला टोकदार काय असतं? आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर नाकात मारायचा फवारा आणि ॲम्ब्युलन्स, कारण मग ते आपोआप थांबत नाही, मग आत काहीतरी — मग परत येताना सगळे येतीलच असं नाही, असं म्हणाले डॉक्टर. किती झाले? चव्वेचाळीस. दोन. फवारा एकच आहे, तो आईच्या पर्समध्ये. निघताना मागायला हवा होता. मागितला असता तर तिनं विचारलं असतं, का गं, आजच का?

वाजतोय. उचलत नाही.

"मास्तर, घंटा झाली!" — ऐकलंत, कॅप्टन ओरडले. हसले सगळे. बाबांनी शाळा सोडली तरी त्यांचा हा विनोद सुटत नाही. नाही, ते थांबवणार नाहीत, त्यांनाही कळलेलं नाही, आणि कळलं तरी इथे थांबवत नाहीत. ज्याची पाळी चालू आहे त्यानं स्वतः मान हलवली की मगच बाकीच्यांनी शिरायचं, तोपर्यंत छप्पर कोसळलं तरी त्याच्याखाली ताल धरून बसायचं — आधी किती आवडायचा मला हा नियम! वाटायचं, जगात एक तरी जागा आहे जिथे माणसाचं बोलणं पुरं होईपर्यंत बाकीचे थांबतात. तीस वर्षांत कोणी मोडला नाही. बाबा मान हलवेपर्यंत हे सगळे असे प्रेमानं वाजवत बसणार.

मी जाऊन? मी कुठे जाऊन काय करू, काका? एवढ्या लोकांमधून जायचं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा — धरायचं नाही लिहिलंय — आणि मग सगळ्यांना कळणार. पुढच्या रविवारी केक. मिशीवाल्यांच्या शेजारी खिळा ठोकलेलाच आहे, मी बघितलाय. आणि नाही गेले तर — किती? पंचेचाळीस नाही झाले ना अजून? इथे मी नुसती बसलेय आणि बोलतेय. मला भीती वाटली की मी बोलते, कॉलेजात तोंडी परीक्षेला बाई म्हणाल्या होत्या, बाळ, उत्तर मघाशीच झालं, आता जा.

ही बघा. नाही, ही पर्समधली, टिश्यूमध्ये. अर्धी गुलाबी, अर्धी पांढरी. आजची आहे.

त्यांनी मागितलं नव्हतं. लोकांना सांगायची वेळ आली तर मी सांगणार होते की ते हट्टाला पेटले, एक रविवार गोळी नको म्हणाले, माझा नाइलाज झाला — असं मी ठरवूनसुद्धा ठेवलं होतं. पण ते तसं काही म्हणालेच नाहीत. या गोळीनं बोटांत कापूस भरल्यासारखं होतं त्यांना, महिनाभर इतकं ओलं, जड वाजवत होते, आणि मागच्या महिन्यात कॅप्टन माझ्यासमोरच म्हणाले, मास्तरांचा एखादा बरा फोटो असेल तर दे गं. बाबा आरशासमोर दाढी करत होते, मीच गेले. मी म्हटलं, बाबा, रविवारची तेवढी राहू दे. ते म्हणाले, आई? मी म्हटलं, आईचं मी बघते. आणि त्या रविवारी काय वाजवलं त्यांनी, काका! तुम्ही तेव्हा यायला हवं होतं. त्या खिडकीतल्या बाई रडत होत्या. मी इथे बसून — मला ते परत ऐकायचं होतं. त्यांच्यासाठी म्हणत होते मी, फोटो वाचवायला म्हणत होते, पण खरं तर मलाच ऐकायचं होतं. हा तिसरा रविवार आहे.

सेहेचाळीस झाले? चार. तुमच्याकडे फोन आहे ना, ॲम्ब्युलन्सला तुम्ही लावाल? माझा आईला लागलाय, मला तो बंद करता येत नाही, बंद केला आणि तेवढ्यात तिनं उचलला तर — पत्ता सांगा, ड्रायक्लीनरच्या वर, जिना उजवीकडून. हो, आत्ताच लावा, पाच मिनिटं व्हायची वाट नको. बाबा! — ऐकू गेलं नाही. या टाळ्यांत कोणाला काय जातंय. बाबा!

मामांनी बघितलं. माझ्याकडे बघतायत. मोठी झांज वाजवायच्या आधी ना, ते नेहमी माझ्याकडे बघून भुवई उडवतात, मी लहान होते तेव्हापासून, मी दचकते म्हणून — पोरी, सांभाळ, आता वाजणार. आत्ता भुवई वर आहे आणि काठी खालीच आहे. विचारतायत. काका, ते मला विचारतायत. काय सांगू? बाबांची पाळी आहे, मान त्यांनी हलवायची असते, मी कोण —

हलवली. मी हलवली मान.

थांबले. मामांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. बासही थांबला. कॅप्टन बघा कसे बघतायत मामांकडे. बापरे, किती शांत झालं. आता कोणी टाळ्या वाजवत नाहीये, आता नुसतं तेवढंच ऐकू येतंय — टिरिरा-टा, टिरिरा-टा — चार पायऱ्या — तुम्ही बोलताय ना त्यांच्याशी? उजवीकडचा जिना म्हणून सांगा — मामा उठले, मामा, त्यांना धरू नका, नुसते जवळ —

हॅलो? आई —

नाही. नाही, आई. मी दिली नाही.