बॅरी कोच आणि मध्यंतराचा डबा

विषय : रेजिना (कॅनडा) येथील रग्बी लीग संघाचे कोच श्री. बॅरी यांची खालावलेली कामगिरी व पदावरील भवितव्य.

संदर्भ : (एक) सन २०११ च्या उन्हाळ्यातले ओळीने झालेले पराभव. (दोन) टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा मोठा डबा.

हसू नका! आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केल्यावर माणूस घरातलं भांडणसुद्धा विषय-संदर्भ घातल्याशिवाय करू शकत नाही, त्याला मी काय करू? दुसऱ्या संदर्भाचं मागाहून सांगतो, आधी पहिलं ऐका. आमच्या बॅरीची खुर्ची चाललीय हो, खुर्ची! म्हणजे खुर्ची अशी नाहीच, मैदानाच्या कडेला एक उलटी बादली असते, तिच्यावर बसतो बिचारा. पगार नाही, भत्ता नाही, आणि ती बादलीसुद्धा लोकांच्या डोळ्यांवर येते!

बॅरी म्हणजे आमचा शेजारी. मूळचा इंग्लंडच्या उत्तरेकडचा, इथे शाळेत सुतारकाम शिकवतो. दर विंटरला आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ स्वतःच्या मशीनने, न सांगता, उडवून देतो. आमचा मुलगा जयदीप सकाळी सातला गाडी काढून ऑफिसला, म्हणजे एरवी ते शोव्हल, बर्फ काढायचं फावडं, कुणाच्या हातात आलं असतं ते तुम्हीच ओळखा. आणि त्यानेच मला कुंपणावरून सांगितलंय, की क्लबच्या कमिटीने कोचपदावरून काढलं तर इथे काही जीव रमायचा नाही, कॅलगरीला भावाकडे जाईन. म्हणजे बघा, हा प्रश्न खेळाचा नाही, माझ्या कमरेचा आहे!

बरं, नुसत्या कमरेचाही नाही. अख्ख्या रेजिनात मला 'मिस्टर राव' अशी हाक मारून अर्धा अर्धा तास ऐकत उभा राहणारा हा एकटाच माणूस. माझं नाव रवींद्र आहे, पण असू दे, मिस्टर म्हणतो ना!

त्यानेच आम्हाला पहिल्यांदा सामन्याला नेलं. मी आणि आमची ही, प्रमोदिनी. आता तुम्हाला सांगतो, खेळ काय, तर तेरा धिप्पाड पोरं, चेंडू हातातून पुढे द्यायचा नाही, मागच्याला द्यायचा आणि सगळ्यांनी पुढे जायचं. म्हटलं, अरे, ही तर आमच्या खात्याची पद्धत! फाइल मागे मागे, आणि खातं प्रगतिपथावर! फक्त इथे सहा वेळा अडवलं की चेंडू मुकाट्याने समोरच्याला देऊन टाकावा लागतो. आमच्याकडे साठ वेळा अडवलेली फाइलसुद्धा कोणी सोडत नसे...

तर तो पहिला सामना आपण जिंकलो. त्यानंतर जी घसरगुंडी लागली म्हणता! पहिल्या अर्ध्यात पोरं वाघ, आणि मध्यंतरानंतर? लग्नाच्या पंगतीतून उठून पान शोधायला निघालेले व्याही जसे चालतात ना, तशी! आणि मग आमच्या बाकावर चर्चा. सगळ्यांचं एकच : कोचचं काहीतरी चुकतंय!

आमच्या बाकावर बसतात दोघं. एक वॉल्टर, इथलाच जुना शेतकरी, आता शेत विकून क्लबच्या कमिटीत शिरलाय. तो मांडीवर थाप मारून म्हणणार, "ही हॅज गॉट टू गो, रॅव्ही! सेकंड हाफ बघ! स्टॅमिनाच नाही! फायर हिम!" आणि दुसरे आपले डॉक्टर चारुदत्त. एकोणसत्तर साली नागपूरहून आले, आता रिटायर. त्यांचं सगळं शास्त्रशुद्ध. "अहो, हे ऑक्सिजनचं काम आहे. मसल्सना ऑक्सिजन पोचत नाही राजेहो. ट्रेनिंगच चुकीचं आहे. बेसिकली कोचचं चुकतंय!"

आणि हे बोलताना डॉक्टरांच्या हातात काय असायचं? बटाटावडा!

हां. आता आलो दुसऱ्या संदर्भावर.

त्या पहिल्या सामन्याच्या मध्यंतरात हिने बघितलं, की पोरं संत्र्याच्या फोडी चोखतायत. इंग्लंडकडची रीत आहे म्हणे. ही माझा दंडच धरून म्हणाली, "अहो, एवढी झाडासारखी पोरं, आणि संत्र्याची एक फोड? ह्यांच्या आया बघतात की नाही?" झालं! पुढच्या सामन्यापासून डबा सुरू. बटाटेवडे, गरम राहावेत म्हणून टॉवेलात गुंडाळलेले, सोबत चिंचेची चटणी, आणि कुणाला तिखट लागलं तर... शिरा! साजूक तुपातला!

आणि वाढणं कसं? आग्रहाचं! तो त्यांचा सगळ्यात आडवा गडी, त्याने दोन वड्यांनंतर हात आडवा केला, तर ही म्हणते, "नो नो, यू आर लुकिंग थिन!" थिन! त्याच्या एका मांडीत आमचं अख्खं मराठी मंडळ मावेल! तो लाजून तिसरा घेतो. मग चौथा. मग शिट्टी वाजते, आणि चार वडे न् वाटीभर शिरा पोटात घेऊन तो गडी समोरच्याला अडवायला धावतो... धावतो कसला, निघतो! आणि बाकावरून वॉल्टर ओरडतो, "कोच! व्हॉट्स राँग विथ देम?"

कोचचं चुकतंय, दुसरं काय!

मला तरी कुठे कळलं होतं? मीही डॉक्टरांबरोबर ऑक्सिजनवर चर्चा करत होतो. जुलैमध्ये एका शनिवारी ही सॅस्कटूनला सत्यनारायणाला गेली, डबा नव्हता, पोरांनी मुकाट संत्री चोखली आणि दुसऱ्या अर्ध्यात समोरच्यांना असं लोळवलं म्हणता! वॉल्टर म्हणाला, मी ओरडलो म्हणून. डॉक्टर म्हणाले, हवेतला दमटपणा कमी होता. माझं लक्ष मात्र त्या संत्र्याच्या सालींकडे होतं...

रात्री हिला म्हटलं, "आज जिंकले बरं का." तर ही कपाळाला हात लावून, "अगं बाई! उपाशीपोटी? काय हाल झाले असतील पोरांचे! पुढच्या वेळी दुप्पट नेऊ."

दुप्पट नेले. दुप्पट हरलो.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी बॅरीला गाठलं. म्हटलं, "बॅरी, आय हॅव टू टेल यू समथिंग अबाउट द सेकंड हाफ." तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणतो, "आय नो, मिस्टर राव. इट्स द पटेटो थिंग्ज."

अहो, त्याला पहिल्यापासून माहीत होतं! म्हटलं, अरे मग बोलत का नाहीस, तुझी खुर्ची जातेय! तर म्हणतो, "हाऊ कॅन आय? शी लुक्स सो हॅपी."

खरंच आहे ते. आमच्या घरी जयदीप सकाळी ओट्स खातो, सूनबाई अपूर्वा डब्यात पालापाचोळा नेते, आणि नात जाई ताटाकडे न बघताच म्हणते, "नो थँक्स आजी, आय एम गुड." ह्या देशात आल्यापासून हिच्या हातचं पोटभर खाऊन "मोअर प्लीज, आँटी" म्हणणारं कोणी भेटलं असेल, तर ही तेरा पोरं! तेव्हाचं हिचं खुललेलं तोंड बघून माझ्याच्याने बोलवेना, बॅरीच्याने बोलवेना. आणि बॅरी बादलीवर बसून, सगळ्यांच्या शिव्या खात, वर स्वतः तीन वडे खातो! म्हणजे खरोखरच कोचचं चुकतंय की नाही?

डॉक्टरांना बाजूला घेतलं. म्हटलं, तुम्ही वैद्यकीय मत द्या, की खेळताना तळलेलं नको. डॉक्टरांनी पाठीमागे बघितलं. "रवींद्रराव, घरी शोभाने तेल बंद केलंय हो माझं. आठवड्यातून हे एवढंच मिळतं. मी कसं मत देऊ?" वॉल्टरला म्हटलं, कोच ठेवा, मध्यंतराचं खाणं बंद करा. तो केवढ्याने दचकला! "आर यू क्रेझी? दॅट्स द ओन्ली गुड थिंग अबाउट धिस क्लब! कोच बदलू, वडे राहतील!"

मग शेवटी मार्ग एकच. अर्ज! तोंडी केला, पण रीतसर. हिला म्हटलं, "अगं, एक विनंती आहे. वडे मध्यंतराऐवजी सामना संपल्यावर दिले तर? पोरं निवांत खातील."

हिने झारा खाली ठेवला. "दमून आलेल्या पोरांना गार वडे घालू?"

"मैदानात तळायची सोय बॅरी करेल. सुतार आहे, टेबल बनवील."

"बघते," म्हणाली. आता 'बघते' म्हणजे काय, हे मी खात्यात साहेबांच्या तोंडून जन्मभर ऐकलंय, तुम्हाला काय सांगू!

उद्या शेवटचा सामना. परवा कमिटी बसणार. बॅरीने बादली धुऊन ठेवलीय, शेवटची असली तर स्वच्छ तरी असावी म्हणून. आज सकाळी स्वयंपाकघरात जाऊन नम्रपणे चौकशी केली, माझ्या अर्जाचं काय झालं? तर ही म्हणाली, "आधी हे उकडलेले बटाटे सोला."

सोलले.

अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही.