एक नंबरचं पिक्चर राखून ठेवलंय

माझं माहेर पारनेर तालुक्यातलं, माळाकडचं, सगळी पावसावरची शेती, बाजरी आनि मटकी, दुसरं काय पिकतंय तिथं. नाव माझं गयाबाई. शाळा चौथीपत्तर झाली, मंग लगीन, आनि लगीन कुनाशी तर तंबू थेटरवाल्याशी. म्हंजी मालक न्हाई बरं का, मालक येगळा हुता, आमचे हे त्याच्याकडं मशीन चालवायचे. जत्रा लागली की टेम्पोत तंबू, खांब, मशीन, पिक्चरच्या पेट्या सगळं भरायचं आनि त्या गावाला जायाचं, जत्रा उठली की पुढचं गाव. माझी आई म्हनायची, पोरीला घरदार काय ते न्हाईच. पन काय सांगू तुमाला ताई, मला लई ग्वाड वाटायचं ते.

तंबूत पडदा मधी असतो. म्होरल्या अंगाला मानसं बसायची आनि मागल्या अंगाला आमचा संसार, चूल, पान्याचा पिंप, वळकट्या. मी तिकडं भाकरी थापायची आनि थापता थापता पडद्याकडं बगायची. कापडातून सगळं दिसतं, पन उलटं दिसतं. हिरो डाव्या हातानं मारायचा, नवरी डाव्या हातानं घास घ्यायची, लुगड्याचा पदर भलत्याच खांद्यावर. मला आपलं वाटायचं, पिक्चरमधी असंच असतंय. अक्षरंबी उलटी, म्हनून मला एकाबी पिक्चरचं नाव ठावं न्हाई, आमी तंबूतल्या बाया त्याला दिव्याचं, सावत्र आईचं, घोड्याचं असं म्हनायचो. म्होरून बगावं असं कवा सुचलंच न्हाई, कारन पिक्चरच्या टायमाला भाकरी, आनि पिक्चर सुटलं की जेवनं.

मधीच जनरेटर बंद पडायचा आनि सगळा तंबू काळाठिक्कर. बाया वरडायच्या, पोरं शिट्ट्या मारायची. अंधाराचं मला पहिल्यापास्नं भ्या. मंग तिकडून मशीनपासून हे हाळी द्यायचे, गया, हायस का गं. मी हिकडून म्हनायची, हाय. तेवढं झालं की मला धीर यायचा, मंग उजेड कवाबी येऊ दे.

आता हे बी न्हाईत आनि तंबूबी न्हाई. मी लेकाकडं असती, दत्तूकडं. त्याची पोरगी पूजा सुप्याला कंपनीत जाती, तिकडं खोकी भरायचं काम हाय तिला. माझा डावा डोळा काचबिंदूनं गेला, कवा गेला ते मलाच कळलं न्हाई, एक दिवस उजव्यात कचरा गेला म्हनून उजवा झाकला तर म्होरं कायच न्हाई. आनि आता उजव्यात मोतीबिंदू. नगरचे डाक्टर म्हनले, आजी, आपरेशन करावं लागंल, न्हाई केलं तर हाय तेबी जाईल, पन एकच डोळा राह्यलाय तुमचा, मी खातरी देत न्हाई. खातरी देत न्हाई, हे त्यांनी एकदाच म्हनलं, माझ्या कानात ते रोज वाजतंय.

उद्या आपरेशन हाय. तुमाला खोटं कशाला सांगू, मला लई भ्या वाटतंय. मरनाचं एवढं वाटत न्हाई. सकाळी जाग आली तरी डोळा उघडायच्या ऐवजी मी तशीच पडून ऱ्हाती, उघडला आनि न्हाईच दिसलं तर म्हनून. घरात कुनी नसलं की डोळा मिटून चालून बगती, चूल कुटं, माठ कुटं, उंबऱ्याला ठेच लागती. आमच्या आळीतल्या एका म्हातारीचा डोळा आपरेशननं गेला, ती आता दिवसभर ओट्यावर बसून येनाऱ्या जानाऱ्याला इच्यारती, कोन हाय, कोन हाय. निम्मी मानसं बोलतच न्हाईत, तशीच जात्यात. मी पन जायाची तशीच. आता न्हाई जात.

पूजाला माझा हा घोर कळला. ती म्हनली, आजी, तुला आवडलेली पिक्चरं सांग, नंबर लाव त्यास्नी, मी मोबाईलवर हुडकून दावती, आपरेशनच्या आदी सगळी बगून घेऊ. आता नावं ठावं न्हाईत म्हनल्यावर मी गोष्ट सांगायची आनि ती हुडकायची, कामावरच्या म्हाताऱ्या मानसांना इच्यारायची. आनि गावलीबी की सगळी. पहिल्यांदा लावलं तर मी म्हनलं, अगं हे उलटं लावलंस. ती म्हनली, आजी, हेच सुलटं हाय. मला काय ते पटंना, मानसं वळखीची पन घर दुसऱ्याचं असं वाटाय लागलं. मंग त्या पोरीनं काय करावं, मोबाईल कपाटाच्या आरशाम्होरं धरला आनि म्हनली, आता आरशात बग. तवा कुटं माझं पिक्चर मला दिसलं. आमी दोघी आरशाला नाक लावून बसायचो, दत्तू म्हनायचा, येड लागलंय दोघींना.

पाचवा नंबर मी भुताच्या पिक्चरला दिला. त्यातली हडळ बगून मी तवा चूल सोडून पळाली हुती, आता बगितलं तर हसू आलं. भूत निदान दिसतं तरी. चौथा नंबर मारामारीचं, घोड्याचं. तिसरा नंबर देवाचं, आनि दुसरा तमाशाचं, त्यातल्या बाईचं नाचनं म्हंजी काय सांगू, माझ्या हातातलं पीठ वाळून जायाचं. ह्याच्यावर दत्तू भडकला. आये, डोळ्याचं आपरेशन तोंडावर आलंय आनि तू तमाशाला दुसरा आनि देवाला तिसरा नंबर देतीस व्हय. पूजा म्हनली, पप्पा, देव काय नंबर बगतो का. पन माझ्या मनात किडा शिरला तो शिरलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा उघडला तर सगळीकडं धुकं. म्हनलं, झालं, देवानं केलं. तशीच उठून देव्हाऱ्याम्होरं हात जोडून म्हनलं, तुजा नंबर दुसरा, तमाशाचा तिसरा. थोड्या येळानं धुकं कमी झालं, पूजा म्हनली, आजी, घरात चुलीचा धूर कोंडला हुता. धूर आसंल न्हाईतर काय आसंल, मी नंबर काय परत बदलला न्हाई. पन मंग दुसरंच भ्या धरलं, का देवाला कळलं आसंल, ही म्हातारी डोळ्यासाठी लाच देती. तमाशाचं पिक्चर मला जास्त आवडतं हे त्याला ठावं हायच ना. ह्या इच्यारानं माझं जेवनावरनं मन उडालं बगा.

राह्यला एक नंबर. ते दिव्याचं पिक्चर. एका बाईचा नवरा विहिरी खंदायला लांब मुलखात जातो, येतच न्हाई. गाव म्हनतं, मेला तो. ती रोज दिवेलागनीला दारात दिवा घेऊन हुबी ऱ्हाती. शेवटाला तो येतो, म्हातारा झालेला, आनि ती दिवा वर धरती आनि त्याच्या तोंडाकडं नुसती बगत ऱ्हाती, लई येळ. ते पिक्चर असलं की माझी भाकरी करपायचीच. आनि आमचे हे एरवी भाकरीला नावं ठेवनारे, त्या दिवशी करपलेली मुकाट्यानं खायाचे.

पूजानं तेबी हुडकलं. काल आरसा पुसून ठिवला आनि म्हनली, ये आजी, बस, एवढंच राह्यलंय. मी म्हनलं, न्हाई. तिला कळंना. म्हनली, अगं आजी, परवा आपरेशन, काय झालंच तर. आनि तिथंच रडाय लागली. मी म्हनलं, पोरी, मी सगळं बगून बसली तर देव म्हनंल, हिचं बगून झालंय, हिला डोळा कशाला. काय तरी बाकी ठिवाय पायजे. त्या बाईच्या हातात दिवा हाय तो मी जलमभर डाव्या हातात बगितला. तो खरा उजव्या हातात हाय ना. ते मला बगायचंय, आरशात न्हाई, म्होरून.

पूजा म्हनली, आपरेशनच्या टायमाला डाक्टर मला दारापत्तरच येऊ देत्याल. मी म्हनलं, दारातूनच एकदा हाळी दे, गया, हायस का म्हनून. ती म्हनली, आजी, तुला नावानं कशी हाक मारू मी. म्हनलं, मार. माझा धीर त्यावर हाय.

तर ताई, तुमची नजर चांगली राहू दे, लेकराबाळांची तोंडं बगा डोळे भरून. मला भ्या हाय ते हायच. पन पूजाला सांगितलंय, पट्टी सोडायच्या दिवशी मोबाईल घेऊन ये. ते पिक्चर माझं बगायचं राह्यलंय.